साफ केलेली शांतता

प्रिय पप्पा,

एका घरात राहणारी माणसं एकमेकांना पत्रं लिहीत नाहीत. काही सांगायचं असलं की मी तुमच्या डाव्या बाजूला येऊन बसायचे, कारण उजवा कान लग्नांच्या बँडनं कधीच खाऊन टाकला होता, आणि एका दमात सगळं सांगून मोकळी व्हायचे. आता तुमची डावी बाजू कुठं शोधू? म्हणून लिहिते आहे.

उद्या सकाळी मला पुण्याला वैभवला एक उत्तर द्यायचं आहे. वैभव म्हणजे आपल्या सिनेमाच्या आवाजाचं शेवटचं काम करणारा. तुम्ही त्याच्याशी एकदा फोनवर बोलला होता. त्याचं एक अक्षर तुम्हाला ऐकू आलं नव्हतं, तरी "हो हो, बढिया, एकदम बढिया" म्हणून तुम्ही फोन माझ्या हातात दिला होता. तोच.

परवा त्यानं सिनेमाची फाइल पाठवली. सोबत मेसेज होता: "मॅडम, चांगली बातमी. स्वयंपाकघराच्या सीनमध्ये मागं जी घरघर येत होती ती पूर्ण साफ केली. बहुतेक कुलर असावा."

कुलर! पप्पा, तो तुम्हाला कुलर म्हणाला!

तुम्ही असता तर पोट धरून हसला असता आणि हसता हसता तुम्हाला खोकल्याची उबळ आली असती. मी हेडफोन लावले आणि तो सीन ऐकला. सीनमध्ये आई सुपात तांदूळ निवडते आहे. फ्रिज घूं करत बंद होतो. आईचा हात थांबतो आणि ती दाराकडे पाहते. आणि मग काही नाही. काहीच नाही! दाराआडून येणारी तुमच्या छातीची ती बारीक शिट्टी वैभवनं पुसून टाकली होती, ओट्यावरचं ओघळलेलं दूध पुसावं तशी.

तुम्ही गेल्यापासून मी रडले नव्हते. सगळ्यांनी त्याची दखल घेतली आहे, ते सांगतेच पुढं. परवा मात्र रडले. आई तव्यावरची पोळी तशीच टाकून धावत आली. "काय झालं वं? काहून रडून राहिली?" पोळी करपली.

तर प्रश्न असा आहे, पप्पा: तुम्हाला ठेवायचं की काढायचं?

वैभवची बाजू चुकीची नाही, म्हणून तर अडचण आहे. आपल्या सिनेमातली बाई घरात एकटी आहे. तिचा नवरा सिनेमाची गोष्ट सुरू होण्याआधीच वारला आहे. त्या रिकाम्या घरात दाराआड श्वास कोण घेतंय? जे नाही ते दाखवायचं नाही, ऐकवायचं नाही, हे तर माझंच म्हणणं. याच्यावरून मी जन्मभर तुमच्याशी भांडले! तुमच्या त्या गुलाबाच्या पाकळ्या आठवतात? प्रत्येक लग्नाच्या व्हिडिओत नवरीच्या तोंडावरून पाकळ्यांचा पाऊस पाडल्याशिवाय तुमचं मन भरायचं नाही. मी म्हणायचे, हॉलमध्ये पाकळ्या नव्हत्या. तुम्ही म्हणायचे, "अवं, लोकाइले आवडते!" आता मीच माझ्या सिनेमात बापाचा श्वास ठेवला, तर ती माझी पाकळीच झाली ना?

दोन दिवस याच विचारात आहे. त्यात जुनं सगळं वर येतंय.

आपली पांढरी व्हॅन येतेय. प्रताप नगरच्या आपल्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानातून लग्नाला निघताना तुम्ही कॅमेरे मागं ठेवायचे आणि मला पुढं बसवायचे. आई म्हणायची, या पोरीला बँड सोसत नाही, गर्दी सोसत नाही, हिला कशाला नेता? तुम्ही म्हणायचे, "घरी राहून तरी काय करन? भिंतीतला नळ ऐकत बसन." आणि न्यायचात. वरात दाराशी आली, डीजे सुरू झाला की माझ्या अंगात थरथर सुरू व्हायची. मग तुम्ही कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देऊन मला व्हॅनमध्ये आणायचे. काचा वर. फोडणी नसलेलं वरण आणि भात डब्यातून काढून द्यायचे. आणि म्हणायचे, "आता दोन मिनिटं काहीच नाही." गिऱ्हाईक बाहेरून काच ठोकायचं, तरी तुम्ही हलायचे नाहीत.

त्या शांततेत एक शिट्टी असायची. तुमच्या दम्याची. मला ते कुठं माहीत होतं! मला कितीतरी वर्षं वाटत होतं की शांतता अशीच असते, तिला आतून एक बारीक शिट्टी असते. शाळेत बाई फळ्यावर डस्टर आपटून "शांतता, शांतता!" म्हणाल्या तेव्हा मी उभी राहून विचारलं होतं, "मग शिट्टी कुठं आहे?" त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं. घरी येऊन तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "शिट्टी माह्याजवळ आहे. शाळेत कुठून भेटन?"

माझ्या हातात पहिल्यांदा कॅमेरा दिला तो दिवस आठवतो? दुसरा माणूस आला नव्हता म्हणून दिला होता, उगाच मोठेपणा घेऊ नका. मला म्हणालात, नवरा-नवरीवर धर आणि हलू नको. मी धरला खरा. पण माणसांच्या तोंडाकडे फार वेळ पाहिलं की माझं डोकं भणभणतं, हे काय तुम्हाला नवीन आहे? म्हणून मी हात पाहत गेले. आणि स्टेजच्या मागं मला नवरीच्या आईचे हात दिसले. इकडे बुद्धवंदना चालू होती, सगळे पांढऱ्या कपड्यांत हात जोडून उभे होते, आणि तिकडे ती बाई पोरीची जुनी ओढणी घडी करत होती. घडी करायची, मोडायची, पुन्हा करायची. मी सगळी वंदना संपेपर्यंत तेच घेतलं.

दुकानात ते पाहून तुम्ही कपाळाला हात लावला. "हे कोनाचे हात आहेत वं? नवरदेव कुठं गेला?"

"नवरदेव काही करत नव्हता. नुसता उभा होता."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि इतके हसलात की दम्याचा पंप शोधायची वेळ आली. तरी तो भाग तुम्ही टाकून दिला नाहीत. व्हिडिओच्या शेवटी जोडला आणि तेवढ्यावर पाकळ्या टाकल्या नाहीत. नवरीचे काका भांडायला आले की त्यांच्या साहेबांनी आहेर दिला तो भाग कापून हे काय दाखवलंय. आणि पुढं कधीतरी नवरीची आई एकटीच दुकानात आली आणि म्हणाली, "भाऊ, तो ओढणीचा भाग पुन्हा लावा ना." उभ्यानंच पाहिला तिनं. जाताना म्हणाली, "मले माहीत नव्हतं, कोनी पाहून राहिलं म्हणून."

ती गेल्यावर तुम्ही बराच वेळ काउंटर पुसत बसलात. मग म्हणालात, "तू तुह्यासारखी पाह्य. गिऱ्हाईक मी पाहून घेतो." पप्पा, माझं सगळं शिक्षण त्या वाक्यात झालं. पुढं मी जे काही शिकले ते यंत्रांबद्दल.

आणि मग रामदासपेठेतला तो डॉक्टर! मी चांगली मोठी झाल्यावर त्यानं मला ऑटिझम आहे असं सांगितलं. मराठीत स्वमग्नता म्हणतात म्हणाला. मला इतका राग आला होता! स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेली. अहो, मी स्वतःत कधी होते? मी ट्यूबलाइटमध्ये होते, शेजारच्यांच्या कुकरमध्ये होते, अजनीकडून येणाऱ्या गाडीच्या शिट्टीत होते. स्वतःकडे पाहायला मला सवड कुठं मिळाली? तुम्ही बाहेर व्हॅनपाशी येऊन किल्ली हातात फिरवत उभे राहिलात.

"नाव भेटलं ते बरं झालं," तुम्ही म्हणालात. "लोकाइले सांगाले सोपं जाईन. पन बिमारी नको सांगू. सांग, का कॅमेरा वेगळ्या कंपनीचा आहे. त्याची बॅटरी लवकर उतरते. अन् जे बाकीच्या कॅमेऱ्यात येत नाही ते याच्यात येते."

मी विचारलं, "तुम्हाला वाईट वाटलं का?" तुम्ही म्हणालात, "मले भूक लागली." आणि आपण पोहे खायला गेलो. तुम्ही वर झणझणीत तर्री घेतली, मी कोरडे खाल्ले. वाईट वाटलं होतं का, पप्पा? खरं सांगा आता. मला तोंडावरून कळत नाही, हे माहीत असून तुम्ही असं करायचे.

सिनेमा करायचं ठरवलं तेव्हा मी तुम्हाला म्हटलं होतं, मला जमणार नाही. गाणं नाही, भांडण नाही, एका बाईचा एक दिवस, कोण पाहील? आणि सगळ्या लोकांना रोज काय करायचं ते सांगणार कोण? तुम्ही म्हणालात, "मी सांगन. तू मले सांग, मी त्याइले सांगन." मनीषनगरच्या आपल्याच घरात शूटिंग. ऐन मे महिना! पहिल्या दिवशी तुम्ही दारात उभं राहून शूटिंगला आलेल्या मुलामुलींना भाषण दिलंत, ते मला अजून शब्द न् शब्द येतं. "हे पाहा, चपला बाहेर, मोबाइल बंद. ही नाही म्हनली तर रागावली असं समजू नका, तिले काहीतरी ऐकू येऊन राहिलं असं समजा. तिनं तुमच्या डोळ्यात पाह्यलं पाहिजे असा हट्ट करू नका. ते तुमच्यापेक्षा जास्त पाह्यते." मग सगळ्यांना पन्हं दिलंत. त्यानंतर कुणीही मला विचित्र म्हटलं नाही. निदान मला ऐकू येईल असं नाही, आणि मला किती ऐकू येतं ते तुम्ही जाणता.

आईला घ्यायची कल्पनाही तुमचीच. "बाहेरची नटी कशाले? हे घरात फुकटची बसली आहे!" त्याबद्दल आईनं तुम्हाला लाटणं दाखवलं होतं. पण मोठे बाबा केवढे चिडले! "जिता नवरा घरात असून बायकोले विधवा करून राहिले! अपशकुन आहे हा." तुम्ही तुमच्या त्या सख्ख्या मोठ्या भावाला हात जोडून म्हणालात, "दादा, आपल्या बापानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या, अन् तुले अजून शकुन-अपशकुन दिसून राहिले?" मोठ्या बाबांनी पाणीही घेतलं नाही त्या दिवशी.

ज्यांनी कच्चा सिनेमा पाहिला ते लोक आता मला विचारतात, अभिनयाचा गंध नसलेल्या आईकडून तुम्ही इतकं कसं काढून घेतलं? मी काय काढून घेणार! उदास चेहरा कसा असतो तेच मला नीट कळत नाही, तर मी कुणाला उदास हो असं कसं सांगू? मी आवाज सांगायचे. नळाचा थेंब भांड्यात पडला की मान वर कर. बाहेर भाजीवाला ओरडला की सूप खाली ठेव. फ्रिज बंद झाला की दाराकडे पाहा. आईला ते बरं वाटायचं. ती म्हणायची, हे तर मी रोजच करते. कॅमेऱ्यावरचा मुलगा हवालदिल झाला होता, कारण सगळीकडे शूटिंगच्या वेळी फ्रिज आधी बंद करतात. मी म्हटलं, फ्रिज हाच आपला दुसरा नट आहे. तुम्ही लगेच त्याला समजावलंत, "फ्रिजले मानधन नाही लागत, राहू दे."

तो शॉट झाला. पहिल्याच वेळी झाला. फ्रिज बंद पडला आणि आईनं दाराकडे असं पाहिलं की मला काही कळत नसून माझ्या अंगावर काटा आला. नंतर रूम टोन घ्यायचा होता.

तुम्हाला तो प्रकार फार आवडायचा. शॉट संपला की सगळ्यांनी होते तिथंच थांबायचं, कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि मशीननं त्या खोलीची नुसती शांतता टिपून घ्यायची. नंतर जोडकामाला लागते. तुम्ही म्हणाला होतात, "हे तर आपलं व्हॅनवालं झालं!" हो, तेच होतं. मी फक्त त्याला मशीन लावलं.

त्या दिवशी कुलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद. भिंती भट्टीसारख्या तापलेल्या. तुम्ही दाराआड त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, जिथं तुम्ही रोजच बसायचे, म्हणजे मी मान वळवली की तुम्ही दिसाल असे. तुम्ही हळूच विचारलंत, "प्रज्ञा, मी बाहेर जाऊ का? माही छाती वाजून राहिली वाटते. मले तर ऐकू येत नाही, तुले येत असन."

मी म्हणाले, "नाही. शॉटच्या वेळी खोलीत जे होते ते सगळे राहतील. माणूस बाहेर गेला की खोलीचा आवाज बदलतो. कुणीही बाहेर जायचं नाही." मला चांगलं आठवतं, मी वर असंही म्हटलं, "श्वास थोडा हळू घ्या." सगळे हसले. तुम्ही खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक तोंडावर धरून मान डोलावलीत.

मग ऑगस्टमध्ये तुम्ही आजारी पडलात. तुमची फुफ्फुसं आधीपासूनच थकली होती, उन्हानं किंवा शूटिंगनं काही झालं नाही, असं डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. मी तेच पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. तुमच्या पलंगाभोवती ती यंत्रं होती. एक टुकटुक करायचं, एक सुस्कारे टाकायचं, एक मधूनच किंचाळायचं, आणि कुणाचाच ताल कुणाशी जुळत नव्हता. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. आवाज सोसेनासा झाला की होतात तशी माझी बोटं आपोआप चालू झाली होती, तुम्ही ती पाहिलीत. तोंडावरचा मास्क बाजूला करून तुम्ही म्हणालात, "जा वं, बाहेर बस. इथं तुले लय आवाज आहे."

मी गेले. तुम्ही सांगितलेलं मी नेहमी ऐकते. जिन्यापाशी एक बाक होता, तिथं बसले. तिथं खरंच शांत होतं. आई बाहेर आली तेव्हा मी तिथंच होते.

पप्पा, मला तुमचा राग आला आहे. माझ्या सेटवर मी तुम्हाला बाहेर जाऊ दिलं नव्हतं. मग तुम्ही मला काहून बाहेर पाठवलं? मी सोसलं असतं! आयुष्यभर एवढे बँड सोसले, ती तीन यंत्रं सोसली नसती का? तुमच्या शेवटच्या शिट्टीच्या वेळी मी खोलीत नव्हते. माझ्यासारखे कान असलेल्या पोरीला तुम्ही नेमकं तेच ऐकू दिलं नाहीत. हे बरं केलं नाही.

पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. भंतेजींनी सूत्रपठण केलं, लोक तुमच्याबद्दल बोलले. निम्म्या लोकांची लग्नं तुम्हीच शूट केलेली! मग मोठे बाबा म्हणाले, आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून आदरांजली वाहू. सगळे उठले. माना खाली. पंखा बंद केला कुणीतरी. आणि पप्पा, मला काय झालं कोण जाणे, मी खोली ऐकायला लागले. बाहेर कावळा, कुणाच्या तरी बांगड्या, आईचं नाक ओढणं. चांगला टोन होता. आणि दोन मिनिटं झाल्यावर माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, मोठ्यानं, अगदी सेटवर म्हणते तसं:

"कट! थँक यू, सगळ्यांना थँक यू."

मोठे बाबा लाल झाले. "काय बोलली वं हे? बापाच्या आदरांजलीले?" मागून एक बाई कुजबुजली की पोरगी दगड आहे, एक टिपूस नाही डोळ्यात. आणि दुसरी म्हणाली, सिनेमात आधीच मारून ठेवलं होतं बापाला, आता कशाला रडेल. मला ऐकू जाणार नाही असं त्यांना वाटलं.

आई तेवढी म्हणाली, "राहू द्या दादा. तिच्या पप्पाले समजलं असन."

पण ती दुसरी बाई माझ्या डोक्यातून जात नाही. तसं असतं का, पप्पा? आपण सिनेमात केलं म्हणून होतं का? नसतं, मला माहीत आहे नसतं. तरी तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. आणि त्या दिवशी कट म्हणायला मला कुणी सांगितलं होतं? सगळे अजून उभे होते. अजून थोडा वेळ चाललं असतं.

हे सगळं असं आहे. आता थंडी आहे, कुलर गच्चीवर झाकून ठेवला आहे. आज दुपारी मी आईला स्वयंपाकघरात बसवलं आणि तिच्या कानाला हेडफोन लावले. आधी वैभवचा साफ केलेला सीन ऐकवला. तिनं पाहिला आणि म्हणाली, "बरी दिसून राहिली मी. पन असं काहून पाहून राहिली मी दाराकडे?"

मग जुना लावला, तुमचा श्वास असलेला. फ्रिज बंद झाला. शिट्टी आली. आईनं दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले आणि सोडलेच नाहीत. हात मला कळतात.

"हं," ती म्हणाली, "हे आहे. फ्रिज बंद झाला अन् मले त्याइची छाती ऐकू आली. तू सांगितलं होतं म्हनून नव्हतं पाह्यलं वं मी. मी पाह्यलं तर ते दुपट्टा तोंडात कोंबून बसले होते, खोकला दाबून, डोळे पांढरे झाले होते. मले वाटलं आता हे जातात. ओरडणार होती मी. तं त्याइनं मले हातानं खुणावलं, का चूप बस, पोरीचा शॉट चालू आहे."

पप्पा, तुम्ही हे मला सांगितलं नाहीत. आईनंही सांगितलं नाही, कारण तुम्ही तिला बजावलं होतं. ज्या नजरेला सगळे वाहवा म्हणतात, गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी नजर म्हणतात, ती आईनं जिवंत नवऱ्याकडे पाहिलेली नजर आहे. तुम्ही जाल या भीतीनं पाहिलेली. मी फ्रिज सांगितला होता. तिनं तुम्हाला ऐकलं.

मग आता मला कळलं उद्या काय सांगायचं ते. आवाज काढला तर आई कशाकडे पाहते? तो श्वास तिथं होता, म्हणूनच ती नजर आहे. ही पाकळी नाही, पप्पा. पाकळ्या हॉलमध्ये नव्हत्या. तुम्ही खोलीत होता.

वैभव म्हणेल, लोक विचारतील रिकाम्या घरात ही घरघर कशाची. विचारू देत. कुणाला कुलर वाटेल, कुणाला पाइपातली हवा. एखादी बाई असेल, जिच्या घरात आता तो आवाज येत नाही. तिला बरोबर कळेल.

तर तुम्हाला वचन देते. उद्या मी वैभवला तुमचं ते दारातलं भाषण देईन, तुमच्याशिवाय, माझ्या तोंडानं. चाचरले तरी देईन. ही नाही म्हणते म्हणजे रागावली नाही, तिला काहीतरी ऐकू येतंय. तो सीन जसा घेतला तसाच राहील. सिनेमाच्या शेवटी पडदा काळा होतो तिथं मी तुमचा तो रूम टोन लावणार आहे, सगळाच्या सगळा. दिवे लागेपर्यंत अनोळखी माणसं अंधारात बसतील आणि त्यांच्यात तुम्ही श्वास घेत असाल. त्या टोनच्या शेवटी माझा आवाज आहे, कट म्हणणारा. तेवढा मी काढून टाकते आहे.

शॉटच्या वेळी जे होते ते सगळे राहतील. कुणीही बाहेर जायचं नाही. तुम्ही तुमच्या खुर्चीवर बसून राहा, पप्पा, आणि दुपट्टा तोंडावरून काढा. खुशाल श्वास घ्या. या वेळी मी कट म्हणणार नाही.

तुमचा डावा कान,
प्रज्ञा